उसनं नाक

“जिभेला नाही, तसं नाकालाही नाही. आधी देवापुढे, मग आपल्या पानात.”

आत्यानं मला हे सांगितलं तेव्हा मी तेरा-चौदा वर्षांची असेन. उकळत्या दुधावर वाकून, डोळे मिटून वास घेत होते. ती रागावली नाही. दोन बोटांनी माझी हनुवटी वर उचलली, एवढंच. त्या दिवशी धरलेला नेम आजतागायत चालू आहे. सकाळी आंघोळ झाली की नेम सुरू होतो. मग देवासाठी जे काही शिजतं, भाजतं, ते त्याच्यापुढे ठेवेपर्यंत मी चाखत नाही आणि हुंगतही नाही. आंघोळीच्या आधी तर मी अन्नाजवळ फिरकतच नाही.

पण वास काही दार वाजवून आत येत नाही. म्हणून मी सुती फडक्याच्या घडीत कापराचा तुकडा ठेवते आणि ते नाकावर बांधून कामाला लागते. लग्नानंतर पहिल्यांदा मला तशी पाहिली तेव्हा हे म्हणाले होते, “मुलगी बघून केली होती, दरोडेखोर कुठून आला?” त्याला बावीस वर्षं झाली. आता ह्यांना काही वाटत नाही. उलट कोणी पाहुण्यानं विचारलं तर हेच सांगतात, “आमच्याकडे स्वयंपाक कानानं होतो.”

नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे दुपारी चौदा-पंधरा माणसं जेवायला असतात. सूप, भाजलेले बटाटे, मैद्याच्या पारीत भाज्या भरून भाजलेला मोठा ‘पाय’, सगळं असतं; पण सगळे येतात ते मामंजींच्या पावासाठी. मामंजी म्हणजे माझे सासरे. कणकेचे बारा गोळे, प्रत्येकाच्या पोटात लोणी, अक्रोड, बेदाणे आणि संत्र्याची साल. ते एकाला एक चिकटवून गोल कडं करायचं आणि भाजायचं. बारा गोळे म्हणजे बारा महिने. ज्याचा जन्म ज्या महिन्यातला, त्यानं तो गोळा तोडायचा. एका महिन्याचे दोघे निघाले की खेचाखेची होते, म्हणून मामंजी दोन कडी करतात. तरी खेचाखेची होतेच.

मामंजींनी चाळीस वर्षं बेकरी चालवली. ती बंद केली तेव्हा दोन ट्रेंचा ओव्हन मात्र घरी आणून मागच्या खोलीत बसवला. रोज सकाळी सात-आठ घरांचा पाव ते अजून भाजत होते. आणि ह्या वर्षी अचानक म्हणाले, नव्या वर्षाचं जेवण झालं की ओव्हन नाक्यावरच्या केकवाल्याला देऊन टाकायचा. दोन तारखेला तो टेम्पो आणणार. का, तर गुडघे. आता, हे गुडघे रोज संध्याकाळी गच्चीवर जाऊन झाडांना पाणी घालत होते. मला ते दिसत होतं. पण सासऱ्यांना गुडघ्यांचा हिशेब सुनेनं कसा विचारायचा, म्हणून मी गप्प राहिले.

तर एकतीस तारीख. शेवटचा पाव म्हणून घरात नुसती धांदल होती. मी सकाळपासून फडकं बांधून अर्धा किलो अक्रोड चिरत होते, मामंजी लोणी घोटत होते आणि त्यांच्या हातात एरवी नसतो असा घाईचा झटका होता. दोन कडी दुपारी ओव्हनमध्ये गेली, साडेतीनला बाहेर आली. रंग असा की सोनार ओशाळावा. पाव एक रात्र मुरला की लोणी आत उतरतं, म्हणून मामंजी तो नेहमी आदल्या दिवशीच करतात. मी जाळीवर ठेवून वर पांढरं कापड टाकलं.

चारला माझी नणंद आली. ती दवाखान्यात नर्स आहे, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि घरात सगळे तिला फौजदार म्हणतात. दोन्ही हातांत पिशव्या, काखेत सुपाचं भांडं, असा सगळा संसार घेऊन ती दारात उभी राहिली आणि आत न येताच म्हणाली,

“कपाटाला रंग दिलात का गं?”

“नाही ताई.”

“मग खिडकीला? तेलाचा रंग आहे. डोकं धरलं माझं.”

पिशव्या खाली ठेवून ती नाक पुढे करून चालू लागली. बैठकीची खोली, बोळ, मागची खोली. जाळीपाशी थांबली. कापड उचललं. कडेचा एक कण तोडून तोंडात टाकला आणि लगेच खिडकीबाहेर थुंकला.

“बाबा, अक्रोड खवट आहेत.”

मामंजी हात पुसत होते. ते पुसतच राहिले.

“वहिनी, तू चिरलेस ना? अर्धा किलो खवट अक्रोड हाताखालून गेले आणि तुला...” एवढं बोलून तिची नजर माझ्या फडक्याकडे गेली. “बरं, तुझं समजलं. पण बाबा, तुम्ही? तुम्हाला तर रस्त्यापलीकडे कोणाचं दूध लागलं ते कळायचं.”

डबा मामंजींनीच काढून दिला होता. फळीवर दोन होते, एक गेल्या वर्षीचा, एक नवा. दोन्ही सारखेच. माणसानं झाकण उघडलं की नाक सांगतं कुठला कुठला.

मामंजी पिठाच्या पोत्यावर बसले.

“सहा महिने झाले,” ते म्हणाले. “तो ताप आला होता बघ. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. कांदा चिरला की डोळ्यांत पाणी येतं, बाकी काही नाही.”

“आणि मला सांगितलं नाहीत? दिवसभर मी लोकांना नाकं-घसे तपासायला रांगेत बसवते आणि माझा बाप...”

“तू ओरडशील म्हणून.”

“मी ओरडत नाहीये.”

“हे काय मग?”

ती ओरडत होती. मग एकदम थांबली आणि त्यांच्या शेजारी पोत्यावर बसली.

“चाळीस वर्षं मी घड्याळ बघितलं नाही,” मामंजी म्हणाले. “वास म्हणायचा, हं, आता काढ. मी काढायचो. आता ओव्हनसमोर उभा राहतो तर आंधळ्यानं सिनेमाला जावं तसं होतं. रोजचा पाव घड्याळ लावून निभावला. आज हे झालं. उद्या चौदा माणसांच्या पोटात गेलं असतं. नको. पाव करायचाच नाही उद्या. आणि त्या केकवाल्याला सांगा, दोन तारीख कशाला, आजच ने.”

म्हणजे गुडघे नव्हतेच. मला इतकं भरून आलं, की काही बोलल्याशिवाय राहवेना. पण माझा आवाज मुळात लहान, त्यावर फडकं.

“काय?” नणंद म्हणाली.

मी फडकं थोडं सैल केलं. “म्हटलं, मी बावीस वर्षं वास न घेताच करते सगळं.”

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मामंजींच्या खांद्यांना आधी हादरे बसले. मला वाटलं रडताहेत. हसत होते.

“अरे देवा,” ते म्हणाले. “म्हणजे आज ह्या खोलीत दोन माणसं होती आणि नाक एकही नव्हतं.”

मग नणंदेलाही आवरेना. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि उठून बाह्या सरसावल्या. “पाच वाजायला आलेत. दुकानं आज लवकर बंद होतात. भाऊ कुठाय?”

हे एका इमारतीत दिव्यांच्या माळा लावायला गेले होते. इलेक्ट्रिशियन माणसाला एकतीस तारखेला कुठली सुट्टी. नणंदेनं फोन लावला. “शिडीवरून उतर आणि अक्रोड आण. ताजे आण. हो, वास घेऊन आण. मला काय विचारतोस ताजा वास कसा असतो? रंगासारखा नसतो.” फोन ठेवला, पुन्हा लावला. “आणि लोणी.”

सहाला हे आले ते तीन दुकानांतली चार पाकिटं घेऊन. म्हणाले, दुकानदारानं विचारलं, पाकिटं का हुंगताय, तर मी सांगितलं, घरी फौजदार बसलेत. नणंदेनं प्रत्येक पाकीट फोडलं, डोळे मिटून आत नाक घातलं. दोन नापास, दोन पास. जाळीवरची ती सोनेरी कडी तिनं स्वतः उचलून बाहेर नेली. मामंजींना तिकडे बघू दिलं नाही.

“चला, सूनबाई,” मामंजी म्हणाले. “दाखवा तुमचं कानाचं शास्त्र.”

सासऱ्यांनी आपल्याला अहोजाहो केलं की थट्टा आहे हे कळतंच. मी जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवली आणि अक्रोड घातले.

“डोळे मिटा मामंजी. आता ऐका. ओले आहेत, तर थप थप वाजतात. दमट लाकडासारखे.” मी हलवत राहिले. बोलायला घाई केली नाही. “आता?”

“तसेच.”

“आता?”

मामंजींनी मान तिरकी केली. “खुळखुळतात.”

“झाले. आता उतरवायचे. आणखी दोन मिनिटांनी आवाज कोरडा होतो, मग समजायचं गेले.”

पुढे वाकून त्यांनी कढईतला एक अक्रोड उचलला, चिमटीत मोडला आणि परत कानाशी नेऊन दुसरा मोडला. एखादं पोर आगकाड्यांच्या पेटीशी खेळतं तसं.

“आणि ओव्हनमधला पाव? तो काय खुळखुळणार?”

“तोही बोलत असणार. मी शेगडीवर भाजते तो तरी बोलतो. लोणी तळाशी उतरलं की आधी जोरात चुरचुरतं. पाव आतून शिजत आला की चुरचुर मंदावते. अगदी थांबायच्या आधी काढायचा. आणि दोन गोळ्यांच्या मधली घळ बघायची. वरचा रंग खोटं बोलतो. घळीतला फिकेपणा गेला, की मग आत कच्चं नसतं.”

“हे तुला कोणी शिकवलं?”

“कोणी नाही. नाक बंद असलं की बाकीचे कामाला लागतात.”

“चाळीस वर्षं,” मामंजी नणंदेला म्हणाले, “चाळीस वर्षं मी नुसता नाकावर जगलो. बाकी सगळे फुकट पगार खात होते.”

कणीक मळून त्यांनी ती रात्रभर फुगायला ठेवली. आता मुरवायला वेळ नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी भाजायची आणि थेट पानात. नणंद आमच्याकडेच राहिली. झोपायला गेलो तेव्हा मामंजींच्या खोलीतून आवाज येत होता, कट, कट. ते अक्रोड मोडून ऐकत होते.

एक तारखेला उठले तर घरात आधीच सण. ह्यांनी पडद्यांना माळा सोडल्या होत्या आणि त्यातली एक पेटत नव्हती, म्हणून त्यांचं स्वतःशीच भांडण चाललं होतं. नणंद बटाटे सोलत मोठ्यानं गात होती. मी आंघोळ, पूजा आवरून नवीन कापूर घालून फडकं बांधलं. मला ठाऊक होतं, आज पाव फसला तर ओव्हन जाणार. आणि ओव्हन गेला तर पहाटे चारला उठणारा हा माणूस उठून करणार काय.

दहाला कडी आत गेली. मामंजींनी स्टूल ओढलं आणि ओव्हनच्या दाराशी कान नेऊन बसले.

“सगळे गप्प बसा,” ते म्हणाले. गाणं थांबलं. मिक्सर थांबला. ह्यांनी शिडीवर पाय अधांतरी धरला.

“चुरचुरतंय,” मामंजी पुटपुटले.

दारावरची घंटा वाजली. शेजारचे शिंपीकाका आणि काकू होते, दीड तास आधीच. नणंदेनं ओठांवर बोट ठेवून त्यांना आत घेतलं. काकूंनी घाबरून विचारलं, “कोणी आजारी आहे का?”

“पाव बोलतोय,” हे शिडीवरून म्हणाले. काकू हळूच खुर्चीत बसल्या.

मीही स्टुलामागे उभी राहून ऐकत होते. चुरचुर मंदावत होती. माझ्या हिशेबानं अजून दोन मिनिटं होती. इतक्यात मामंजी उठले, काचेतून घळीत डोकावले आणि जाड हातमोजे चढवले.

“थोडं थांबूया का मामंजी?”

“नाही. आता.”

“पण...”

“तुझी शेगडी आहे गं. हा ओव्हन आहे. ह्यातून बाहेर काढला तरी पाव दोन मिनिटं आतल्या आत भाजत राहतो.” आणि त्यांनी ट्रे ओढले. एक कडं उलटं करून तळावर बोटाच्या पेरानं ठोकलं. पोकळ आवाज आला. पुन्हा ठोकलं. मग माझ्याकडे बघितलं आणि मी मान डोलावली. माझी दोन मिनिटं चुकीची होती. चुकण्याचा इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

बाराला पाहुणे जमले. मी एका कड्याचा एक गोळा आणि सगळ्यातलं थोडं थोडं ताटलीत वाढून देवापुढे ठेवलं, हात जोडले, आणि मग फडकं सोडलं. लोणी, संत्र्याची साल, भाजलेला अक्रोड. सगळं एकदमच आलं अंगावर. मी बाहेर येऊन नुसतं “या” म्हटलं.

मग काय, महिन्यांची लूट. शिंपीकाका आणि नणंदेचा नवरा दोघेही मेमधले; मेचा एक गोळा देवापुढे गेलेला, म्हणून दोघांत एकच उरलेला. “मी वयानं मोठा,” काका म्हणाले. “म्हणून तर साखर कमी खायची,” नणंद म्हणाली आणि गोळा मधोमध फाडला. केकवालाही आला होता. फेब्रुवारीचा गोळा तोडून त्यानं तोंडात घातला आणि चावणं थांबवलं.

“काका, हे कसं जमतं तुम्हाला? तळ असा कुरकुरीत, आणि आत कापूस.”

“ऐकून,” मामंजी म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. खाऊन झाल्यावर त्यानं खिशातून मोजपट्टी काढली. “दाराची रुंदी घेऊन ठेवतो. उद्या सकाळी टेम्पो आणू ना?”

नणंद ताटलीकडे बघत होती. आम्हा सगळ्यांना वाटत होतं की मामंजी आता नाही म्हणतील. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला.

“पाव भाजायला मला आता येईल,” ते म्हणाले. “खरं सांगायचं तर मला वास येत नाही. सहा महिने झाले. भाजणं कानानं होईल, रंग डोळ्यानं बघेन, कणीक हाताला कळते. पण खवट अक्रोड ना वाजतो, ना दिसतो. लोणी बिघडलं का, यीस्ट मेलं की काय, ते नाकच सांगतं. आजचं नाक होतं ह्या पोरीचं, उसनं. ती संध्याकाळी घरी जाणार. आठ घरांची लहान लहान मुलं माझा पाव खातात. उसन्या नाकावर रोजची बेकरी कशी चालवू?”

केकवाला मोजपट्टी हातात धरून उभा होता. ह्यांना पहाटेच कामाला जावं लागतं, शिवाय ह्यांना कालपर्यंत ताज्या अक्रोडाचा वासही माहीत नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत होते, माझ्याकडे मात्र कोणी बघत नव्हतं. बरोबरच होतं. ह्या घरातल्या नाकांत माझं नाक कोणी धरतच नसे.

“मी घेईन वास,” मी म्हटलं.

“काय?” नणंद म्हणाली.

“मी घेईन. रोज पहाटे. आंघोळीच्या आधी नेम सुरू नसतो माझा. चारला उठून सगळे डबे उघडून सांगेन मामंजींना, मग आंघोळीला जाईन.”

“वहिनी, तू आंघोळीशिवाय स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाहीस. चहासुद्धा भाऊ करून देतो तुला, माझ्या लग्नातही...”

“ती ओव्हनची खोली आहे ताई. स्वयंपाकघर नव्हे.”

हे जोरात हसले. “बघा, घरात वकील आहे आणि मी बाहेर शोधत होतो.”

मामंजी हसले नाहीत. “सूनबाई, बावीस वर्षांचा नेम आहे. माझ्यासाठी त्याला धक्का नको.”

“नेमाला धक्का नाही मामंजी. सवयीला आहे.” सगळ्यांदेखत इतकं बोलायची मला सवय नव्हती, कान तापले. “वचन देते. उद्यापासून.”

केकवाल्यानं मोजपट्टीचं बटण दाबलं, ती सरकन आत गेली. “मग मला रोजचे दहा पाव तरी द्याल का?” त्यानं विचारलं. मामंजी म्हणाले, “आधी सूनबाईच्या नाकाला विचार.” आणि त्यांनी डिसेंबरचा उरलेला गोळा उचलून माझ्या ताटलीत ठेवला. मी ऑगस्टची. तरी मी तो तोडला.

दोन तारखेला पावणेचारला जाग आली. हे गाढ झोपेत होते. घरात काल उरलेल्या संत्र्याच्या सालीचा वास होता आणि मी तो घेऊ शकत होते, हे जरा वेळानं माझ्या लक्षात आलं. पायांना सवय होती, ते आपोआप न्हाणीघराकडे वळले. मी दाराच्या कडीवर हात ठेवून थांबले. तोंडावर पाण्याचा थेंब नाही, केस विस्कटलेले, अंगावर रात्रीची साडी. अशी मी अन्नाजवळ कधी गेले नव्हते. देवाच्या कोपऱ्यावरून जाताना दुरूनच हात जोडले आणि मनात म्हटलं, आलेच थोड्या वेळात.

मागच्या खोलीत दिवा लागला होता. दाराच्या फटीतून पिठाचा पत्र्याचा डबा सरकवल्याचा आवाज आला. मी केसांची गाठ मारली आणि बोळातून, चपलांचा आवाज न करता, तिकडे निघाले.